मायकोरायझा टाकूनही उसात फरक का दिसत नाही?

प्रश्न : आडसाली लावणीत डीएपीबरोबर मायकोरायझाची पावडर सरीत टाकली. शेजारच्या सरीपेक्षा काहीच वेगळं दिसलं नाही. उरलेली पावडर ट्रायकोडर्मासारखी गूळ-बेसनात वाढवता येईल का? – एक वाचक, ता. शिरोळ

उत्तर : नाही वाढणार. दोन्ही बुरशीच, पण ट्रायकोडर्मा कुजक्या पदार्थांवर जगतो, मुळांत राहणाऱ्या मायकोरायझाला मात्र जिवंत मूळच लागतं. साखर आणि स्निग्ध पदार्थ तिला पिकाकडूनच मिळतात. बदल्यात ती मुख्यतः स्फुरद आणि काही प्रमाणात जस्त आणून देते. स्फुरद मातीत जवळपास जागचा हलत नाही. मुळालगतचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा संपला की पुढचा स्फुरद मुळाच्या हाताला लागत नाही. बुरशीचे तंतू काही सेंटिमीटर पलीकडे पोचतात. मुळाच्या पेशीत त्यांना झाडासारख्या बारीक फांद्या फुटतात आणि देवाणघेवाण तिथेच चालते.

तुमच्याकडे अडलं असावं ते बहुधा डीएपीपाशी, कारण ते स्फुरदयुक्त खत आहे. आयता स्फुरद भरपूर मिळाला की पीक बुरशीला मुळात फारसं शिरू देत नाही. म्हणून आधी माती तपासा. स्फुरद जास्त निघाला तर पावडरीवर पैसे घालवूच नका. कमी निघाला तरी खत पूर्ण बंद करू नका, कारण बुरशी स्फुरद तयार करत नाही, मातीतलाच गोळा करते.

दुसरं, पावडर मुळाला टेकली पाहिजे. उघड्या सरीत विस्कटलेली बरीचशी वायाच जाते. एक डोळ्याची रोपं करत असाल तर ट्रेच्या प्रत्येक कप्प्यात डोळ्याखाली चिमूटभर घाला. नवी मुळं तिच्यातूनच खाली उतरतात. त्यानंतर कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी नको.

वाढवायचीच असेल तर मक्याच्या मुळांवर वाढवा. उन्हात तापवलेली माती आणि वाळू निम्मी-निम्मी कुंडीत भरा, बियाण्याखाली दोन-तीन सेंटिमीटरवर पावडरीचा थर द्या, स्फुरदाचं खत घालू नका. दहा-बारा आठवड्यांनी पाणी तोडा, माती वाळली की शेंडा कापून टाका आणि मुळं बारीक चिरून त्याच मातीत मिसळा. हेच पुढचं विरजण. कुंडीत रोगट मूळ दिसलं तर सगळंच फेकून द्या, नाहीतर रोगही रानात जाईल.

रान कोबी-फ्लॉवरचं असेल तर तिथे ही बुरशी टिकत नाही, त्या पिकांच्या मुळांत ती राहतच नाही. उसाआधी ताग घेतला तर तिला आसरा मिळतो.