फॉदरिंगहेचा किल्ला कोणी पाडला?

प्रश्न : स्कॉटलंडच्या मेरी राणीचा शिरच्छेद ज्या फॉदरिंगहेच्या किल्ल्यात झाला, तो तिच्या मुलाने इंग्लंडच्या गादीवर आल्यावर सूड म्हणून जमीनदोस्त केला, असे माझ्या वाचनात आले. हे खरे आहे का? हा किल्ला मुळात कोणाचा होता आणि आज तेथे पाहण्याजोगे काही उरले आहे का?

उत्तर : सूडाची ही कथा मनाला पटते, म्हणूनच ती टिकली, पण ती खरी नाही. मेरीचा मुलगा जेम्स १६०३ मध्ये इंग्लंडचा राजा झाला आणि मार्च १६२५ मध्ये वारला. त्याच्या मृत्यूनंतर लगेचच, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, या मालमत्तेची पाहणी झाली आणि त्या वेळी खंदक, प्रवेशद्वार आणि मोठा दिवाणखाना यांसह किल्ला उभाच होता. जेम्सने तो पाडला तर नाहीच, उलट राज्यावर येताच आपल्या एका सरदाराला देऊन टाकला. १६३५ च्या सुमारास मात्र किल्ला पार मोडकळीला आलेला दिसतो आणि पुढे त्याचा दगड इतर बांधकामांसाठी हलवला गेला. किल्ला कोणाच्या रागाने नव्हे, तर कोणालाच नकोसा झाल्याने गेला, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे समजण्यासाठी त्याच्या धन्यांची परंपरा पाहावी लागते.

इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात नेन नदीच्या काठी ११०० च्या सुमारास सायमन द सेनलिस या उमरावाने हा किल्ला उभारला. मातीचा उंच ढीग रचून त्यावर मुख्य वास्तू आणि खाली तटबंदीचे अंगण, अशी त्याची मूळ रचना होती. आपल्याकडच्या ‘गढी’ या शब्दाने तिची कल्पना चांगली येते. सायमनच्या मृत्यूनंतर त्याची विधवा मॉड हिने स्कॉटलंडचा राजपुत्र डेव्हिड याच्याशी विवाह केला. हाच डेव्हिड ११२४ मध्ये स्कॉटलंडचा राजा झाला आणि त्यामुळे इंग्लंडच्या मध्यावरची ही गढी स्कॉटिश राजघराण्याकडे गेली. ज्या वास्तूत पुढे स्कॉटलंडची राणी मारली गेली, ती एके काळी तिच्याच पूर्वजांची होती, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही.

चौदाव्या शतकात केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजची संस्थापिका मारी द सेंट पोल हिच्याकडे किल्ला होता. १३७७ मध्ये तिच्या मृत्यूनंतर तिसऱ्या एडवर्ड राजाने तो आपला मुलगा एडमंड ऑफ लँगली याला दिला आणि येथून फॉदरिंगहेचा वैभवाचा काळ सुरू झाला. एडमंड पुढे यॉर्कचा पहिला ड्यूक झाला, त्याने किल्ल्याची पुनर्बांधणी केली आणि पायबंदात बसलेला ससाणा हे त्याच्या घराण्याचे चिन्ह झाले. दुसरा ड्यूक एडवर्ड १४१५ मध्ये अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत पडला आणि त्याचे दफन येथल्या चर्चमध्ये झाले. तिसरा ड्यूक रिचर्ड १४६० मध्ये वेकफील्डला मारला गेला; त्याचा देह त्याच्या मुलाने, चौथ्या एडवर्ड राजाने, १४७६ मध्ये मोठ्या इतमामाने येथे आणून पुरला. २ ऑक्टोबर १४५२ रोजी याच किल्ल्यात जन्मलेला रिचर्ड ड्यूकचा धाकटा मुलगा म्हणजे तिसरा रिचर्ड राजा होय.

घराण्याच्या या उत्कर्षातच किल्ल्याच्या ऱ्हासाचे मूळ आहे. धनी राजे झाले, तेव्हा फॉदरिंगहे हे त्यांचे घर न राहता राजाच्या अनेक वास्तूंपैकी एक होऊन बसले. यॉर्क घराण्यानंतर गादीवर आलेल्या ट्यूडर घराण्यातल्या राजांनी तो आपल्या राण्यांना नेमून दिला, पण तेथे मन लावून राहिले असे कोणी नाही. पुढे तर सरकारी कैदी ठेवण्यापुरताच त्याचा उपयोग उरला. सप्टेंबर १५८६ मध्ये मेरीला येथे आणले, ऑक्टोबरमध्ये तिच्यावर खटला चालला आणि ८ फेब्रुवारी १५८७ रोजी दिवाणखान्यात तिचा शिरच्छेद झाला. त्या वेळी ती ४४ वर्षांची होती. तिचा देह कित्येक महिने किल्ल्यातच पडून राहिला. उन्हाळ्यात तो पीटरबरोच्या कॅथीड्रलमध्ये पुरला गेला. सूड घेतला नाही तरी जेम्स आईला विसरला नव्हता, कारण १६१२ मध्ये त्याने तिचे अवशेष वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत हलवले.

आज किल्ल्याच्या जागी गवताने झाकलेली टेकडी, खंदकाच्या खुणा आणि नदीकाठी कुंपणात जपलेला चुनेगच्ची दगडांचा एक मोठा तुकडा एवढेच आहे. टेकडीवर उगवणारी काटेरी थिसलची झाडे मेरीने लावली, अशी आख्यायिका आहे. थिसल हे स्कॉटलंडचे राष्ट्रीय फूल असल्याने ती का रुजली असावी, हे सहज समजते.

तेथे जाणार असाल, तर टेकडीपेक्षा गावातल्या चर्चला अधिक वेळ द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्याचा अष्टकोनी मनोरा नदीपलीकडूनही दिसतो आणि त्याच्या टोकावर यॉर्क घराण्याचा ससाणा आहे. धार्मिक उलथापालथीत सोळाव्या शतकात चर्चचा पूर्वेकडचा भाग पाडला गेला आणि ड्यूकांच्या कबरी उघड्यावर पडल्या. पहिल्या एलिझाबेथ राणीने १५७३ मध्ये आपल्या या पूर्वजांसाठी उरलेल्या चर्चमध्ये नवी थडगी बांधून घेतली. वेदीच्या दोन्ही बाजूंना ती आजही आहेत.