वाचकांचे प्रश्न : उडत्या तबकड्या आणि हवाई दलाच्या फायली

प्रश्न : अमेरिकेच्या हवाई दलाने उडत्या तबकड्यांची बरीच वर्षे चौकशी केली आणि त्यांतली ७०१ प्रकरणे शेवटपर्यंत उलगडली नाहीत, असे वाचनात आले. म्हणजे परग्रहावरून याने येतात, हे हवाई दलाने एका परीने मान्यच केले, असे समजायचे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : तसे समजता येणार नाही. मात्र त्या आकड्यामागे काय दडले आहे, हे पाहण्यासारखे आहे.

२४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनिअर शिखराजवळ प्रचंड वेगाने जाणाऱ्या नऊ चकचकीत वस्तू पाहिल्याचे सांगितले आणि पुढच्या काही आठवड्यांत अमेरिकेच्या कानाकोपऱ्यातून अशा बातम्यांची रीघ लागली. शीतयुद्धाला तोंड लागलेले असल्यामुळे, ही सोव्हिएत रशियाची नवी विमाने तर नव्हेत ना, ही हवाई दलाची मोठी धास्ती होती. त्यातून आधी ‘प्रोजेक्ट साइन’, १९४९ मध्ये ‘प्रोजेक्ट ग्रज’ आणि १९५२ पासून ‘प्रोजेक्ट ब्ल्यू बुक’ अशी एकामागून एक चौकशी-पथके ओहायो राज्यातील राइट-पॅटरसन तळावर काम करू लागली. डिसेंबर १९६९ मध्ये हे काम गुंडाळल्याचे जाहीर झाले, तेव्हा १९४७ पासूनच्या एकूण नोंदी १२,६१८ भरल्या होत्या आणि त्यांपैकी ७०१ नोंदींवर, म्हणजे सुमारे साडेपाच टक्क्यांवर, ‘अज्ञात’ हा शेरा होता.

आता हेच आकडे वर्षवार पाहावेत. १९५२ मध्ये १,५०१ नोंदी आल्या आणि त्यांतल्या ३०३ अज्ञात राहिल्या. १९५७ मध्ये १,००६ नोंदी आल्या आणि अज्ञात राहिल्या केवळ १४. वीस टक्क्यांवरून दीड टक्क्याच्याही खाली आलेला हा आकडा मला साऱ्या प्रकरणातला सर्वांत बोलका वाटतो. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाने स्पुटनिक सोडला आणि जो तो आकाशाकडे डोळे लावून बसला, त्यामुळे त्या वर्षी किरकोळ आणि सहज उलगडणाऱ्या नोंदींचा भरणा झाला, हे एक कारण आहेच. परंतु मधल्या काळात हवाई दलाचा ‘नियम २००-२’ लागू झाला होता. ज्या प्रकरणाचा उलगडा झाला आहे त्याविषयीच तळावरील अधिकाऱ्यांनी पत्रकारांशी बोलावे, असे त्यात बजावलेले होते आणि अज्ञात प्रकरणांचे प्रमाण शक्य तितके खाली आणणे हे चौकशीचे एक उद्दिष्ट म्हणून नोंदवलेले होते. शेरा काय असावा हे वरून आधीच सुचवले गेले, की फायली त्या दिशेने झुकू लागतात. तेव्हा ७०१ या आकड्यातून आकाशाइतकीच त्या कचेरीचीही माहिती मिळते.

प्रश्न : आलेल्या नोंदींची वर्गवारी नेमकी कशी होत असे? कुणीतरी वाचून मनाला येईल तो शेरा मारत असे का? – एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : पद्धत होती, ती सदैव पाळली गेली असे मात्र नाही. साक्षीदाराकडे कित्येक पानांची छापील प्रश्नावली जात असे. तिच्यात वस्तू किती मोठी होती असे थेट न विचारता, हात लांब करून धरलेल्या टाचणीच्या डोक्याएवढी, वाटाण्याएवढी की अमुक नाण्याएवढी दिसली, असे विचारलेले असे. क्षितिजापासून डोक्यापर्यंतची एक कमान छापलेली असे. तिच्यावर वस्तू प्रथम दिसली तिथे एक खूण आणि दिसेनाशी झाली तिथे दुसरी खूण करायची असे. सूर्य कोणत्या बाजूला होता, खिडकीच्या काचेतून पाहिले काय, चष्मा होता काय, हेही विचारले जाई. उत्तरे हाती आली की त्या तारखेची विमानोड्डाणे, हवामान खात्याने सोडलेले फुगे आणि ग्रहताऱ्यांची स्थिती यांच्याशी ती पडताळून पाहिली जात. ग्रहताऱ्यांची बाजू ओहायो राज्य विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक १९४८ पासून सल्लागार म्हणून सांभाळत होते.

यानंतर फाइल तीन ढिगांपैकी एकात पडे : ओळख पटलेली, अपुऱ्या माहितीची आणि अज्ञात. पहिल्या ढिगात पुन्हा ग्रह-तारे-उल्का, विमान, फुगा, पुढे उपग्रह, आणि पक्षी, पतंग, सर्चलाइट, रडारवरील खोटे ठिपके, मुद्दाम केलेल्या लबाड्या वगैरेंसाठी ‘इतर’ असे पोटभाग होते.

माझ्या मते खरी गोम मधल्या ढिगात आहे. ज्या नोंदीत दिशा नाही, वेळ धड नाही, ती अपुऱ्या माहितीची. सर्व माहिती असूनही जी कशातच बसत नाही ती अज्ञात. हे अंतर काटेकोरपणे पाळले तरच ‘अज्ञात’ या शेऱ्याला काही किंमत उरते. हवाई दलासाठी बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूट या संशोधनसंस्थेने ३,२०१ नोंदींचा अभ्यास केला आणि त्याचा अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे हे पथ्य पाळलेले दिसते : ओळख पटली असे म्हणण्यासाठी दोन विश्लेषकांचे स्वतंत्रपणे एकमत पुरेसे होते, तर अज्ञात ठरवण्यासाठी चौघांचे एकमत लागे. शिवाय प्रत्येक नोंदीला उत्कृष्ट, चांगली, संशयास्पद आणि निकृष्ट अशी प्रत दिलेली होती. उलगडा न होण्याचे कारण केवळ ढिसाळ साक्षी असते, तर अज्ञातांचे प्रमाण निकृष्ट नोंदींत जास्त निघायला हवे होते. निघाले उलटेच. उत्कृष्ट नोंदींपैकी सुमारे एक तृतीयांश अज्ञात राहिल्या, तर निकृष्ट नोंदींत हे प्रमाण एक पंचमांशाहूनही कमी होते. यावरून परग्रहवासी सिद्ध होत नाहीत. साक्षीदार नीट पाहत नाहीत म्हणून उलगडा होत नाही, हे सरधोपट उत्तर मात्र लंगडे पडते.

प्रश्न : काहीही दिसले तरी तज्ज्ञ ‘तो शुक्र होता’ असे सांगून मोकळे होतात. अनुभवी वैमानिकाला शुक्र ओळखता येत नाही, हे पटत नाही. – निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : आपली तक्रार अगदी गैरवाजवी नाही, ज्या प्रकरणात या उत्तराने हवाई दलाची सर्वाधिक शोभा झाली, ते सांगतो. ७ जानेवारी १९४८ रोजी दुपारी केंटकी राज्यातील गॉडमन तळाच्या नियंत्रण मनोऱ्यावरून एक पांढरी वस्तू दिसू लागली. हवेत असलेल्या एफ-५१ विमानांच्या तुकडीला तिकडे जाण्याची विनंती करण्यात आली. तुकडीचे प्रमुख कॅप्टन थॉमस मँटेल प्राणवायूची सोय नसतानाही वर चढत राहिले, सोबतचे वैमानिक मागे फिरले, आणि काही वेळाने मँटेल यांचे विमान फ्रँकलिन गावाजवळ कोसळलेले आढळले. विरळ हवेत त्यांची शुद्ध हरपली असावी, हा निष्कर्ष आजही मान्य आहे. पण ते कशाच्या मागे गेले होते? त्या वेळी शुक्र आकाशात जवळपास त्याच दिशेला होता, म्हणून ‘शुक्र’ असे उत्तर देण्यात आले. भर दुपारच्या उजेडात तो इतका ठळक दिसणे शक्य नव्हते, आणि पुढे स्वतः हायनेक यांनीही ते उत्तर मागे घेतले. आज सर्वाधिक ग्राह्य धरले जाणारे स्पष्टीकरण ‘स्कायहुक’ फुग्याचे आहे. पातळ प्लॅस्टिकचे, सुमारे ३० मीटर व्यासाचे, अतिशय उंचावर जाणारे हे फुगे अमेरिकी नौदल सोडत असे. पण तो कार्यक्रम गुप्त असल्याने हवाई दलाच्या चौकशी अधिकाऱ्यांनाच त्याचा पत्ता नव्हता.

असे असले तरी, रात्री आणि पहाटे शुक्र भल्याभल्यांना चकवतो, हे खोटे नव्हे. काळ्या आकाशात शेजारी दुसरी खूण नसली, की टक लावून पाहिलेला स्थिर प्रकाशबिंदू हलल्यासारखा वाटतो. आपण चालत्या गाडीत असलो तर तो सोबत येतो आहे असे वाटते. क्षितिजाजवळ असला तर हवेच्या थरांमुळे लाल-हिरवा लुकलुकतो. वैमानिकाचे डोळेही याला अपवाद नसतात. १९६६ मध्ये ओहायोत पोलिसांनी एका प्रकाशाचा गाडीतून मैलोगणती पाठलाग केला, तेव्हा आधी उपग्रह आणि मग शुक्र, असे जोडउत्तर ब्ल्यू बुकने दिले. ते त्या पोलिसांच्या गळी कधीच उतरले नाही.

प्रश्न : डोळे फसतील, पण रडार कसे फसेल? १९५२ मध्ये वॉशिंग्टनवर रडारवर तबकड्या दिसल्या होत्या ना? – अभियंता, ठाणे

उत्तर : रडारही फसते. जुलै १९५२ मध्ये लागोपाठ दोन शनिवार-रविवारच्या रात्री वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळावरील रडारपटावर अनोळखी ठिपके दिसले आणि लढाऊ विमाने धाडावी लागली. २९ जुलैला मेजर जनरल जॉन सॅमफर्ड यांनी मोठी पत्रकार परिषद घेतली आणि तापमान-व्युत्क्रमाची शक्यता पुढे केली. एरवी उंचीबरोबर हवा थंड होत जाते. उन्हाळ्याच्या रात्री कधी खाली थंड आणि वर गरम हवेचा थर बसतो, तेव्हा रडारच्या लहरी त्या थरामुळे जमिनीकडे वाकतात आणि जमिनीवरच्या वस्तूंचे प्रतिध्वनी आकाशातील वस्तूंसारखे पटावर उमटतात. रडारपुढे बसलेल्या काही नियंत्रकांना हे मान्य नव्हते, कारण असे ठिपके ते नेहमी पाहत आणि ओळखत. या गदारोळाचा परिणाम असा झाला, की जानेवारी १९५३ मध्ये सीआयएने भौतिकशास्त्रज्ञ एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली एक मंडळ बसवले. तबकड्यांपासून देशाला थेट धोका नाही, पण नोंदींच्या पुरात खऱ्या हल्ल्याची सूचना बुडून जाईल हा धोका आहे, असे मत त्या मंडळाने दिले. वर सांगितलेला नियम याच वातावरणात घट्ट होत गेला.

प्रश्न : चौकशी अधिकाऱ्यांना सत्य ठाऊक असूनही त्यांनी ते लपवले, असे कधी घडले का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : घडले, पण लपवलेले सत्य बरेच पार्थिव होते. १९५५ पासून यू-२ या टेहळणी विमानाची चाचणी-उड्डाणे सुरू झाली. प्रवासी विमाने साधारण २० हजार फुटांपर्यंत उडत असताना हे विमान ६० हजार फुटांच्याही वर जाई. खाली तिन्हीसांजा झालेल्या असताना इतक्या उंचीवर सूर्यप्रकाश असतोच. त्यामुळे चंदेरी पंखांवरून परावर्तित झालेला प्रकाश खालच्या वैमानिकाला झळाळत्या वस्तूसारखा दिसे. ब्ल्यू बुकचे अधिकारी अशा नोंदी यू-२ च्या उड्डाणवेळांशी ताडून पाहत आणि उत्तर हाती आल्यावरही साक्षीदाराला ते कळवू शकत नसत. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीआयएच्या एका इतिहासलेखात तर त्या काळातील निम्म्याहून अधिक नोंदी गुप्त टेहळणी विमानांच्या होत्या, असे म्हटले आहे. हा दावा मला फुगवलेला वाटतो, कारण ब्ल्यू बुकच्या फायलींत ग्रह-तारे आणि साधी विमाने यांचा वाटा इतका मोठा आहे, की निम्म्या नोंदींना तिथे जागाच उरत नाही.

प्रश्न : आपल्या लष्कराला असा अनुभव आला आहे का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आला आहे, आणि लडाखमधले ते प्रकरण अगदी अलीकडचे आहे. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात पँगाँग सरोवराच्या परिसरात तैनात जवानांनी अनोळखी प्रकाशमान वस्तूंच्या ३२९ नोंदी केल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. चिनी ड्रोनचा संशय होता. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना पाचारण करण्यात आले आणि या वस्तू गुरू व शुक्र असल्याचा निर्वाळा त्यांनी दिला. इतक्या उंचीवरील विरळ, स्वच्छ हवेत ग्रह सखल प्रदेशापेक्षा कितीतरी तेजस्वी दिसतात. सीमेपलीकडे टेहळणीची साधने खरोखरच वावरत असताना जवानांनी प्रत्येक प्रकाश टिपून ठेवला, यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

प्रश्न : २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी आम्ही आकाशात जळत जाणाऱ्या गोळ्यांची रांग पाहिली. ती चौकशी अधिकाऱ्यांनी कोणत्या ढिगात टाकली असती? पुन्हा असे काही दिसले तर नोंद कशी करावी? – शेतकरी कुटुंब, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : ओळख पटलेल्या ढिगात, आणि तीही विनासायास. आपल्याच जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे त्या रात्री धातूची मोठी कडी पडलेली सापडली, आणि तो चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा अवशेष असावा असे तज्ज्ञांनी सांगितले. कडी सापडली नसती तरी अंदाज बांधता आला असता. उल्का बहुधा काही सेकंदांत विझते. कक्षेतून खाली येणारा रॉकेटचा सांगाडा तिच्या मानाने संथ आणि जवळजवळ आडवा येतो, त्याचे तुकडे पडून रांग होते आणि ती आकाश ओलांडायला बराच वेळ घेते.

नोंद करताना वस्तू किती मीटर लांब होती, किती किलोमीटर उंच होती, हे लिहू नये. अनोळखी वस्तूचा आकार ठाऊक नसताना अंतर डोळ्यांनी कळत नाही. घड्याळातली वेळ, दिसली आणि नाहीशी झाली त्या दोन्ही दिशा, आणि एकूण किती सेकंद दिसली, हे लिहावे. उंचीसाठी हात ताठ समोर धरून मूठ वळावी; मुठीची रुंदी साधारण दहा अंश भरते, म्हणून क्षितिजापासून किती मुठी वर, एवढे सांगितले तरी पुरते. मोबाइलवर चित्रण करणार असाल तर चौकटीत झाडाचा शेंडा, छप्पर किंवा विजेचा खांब अवश्य येऊ द्यावा. नुसत्या काळ्या पडद्यावरचा ठिपका कोणत्याही तज्ज्ञाला अपुऱ्या माहितीच्या ढिगातच टाकावा लागतो.