उल्लेखांचा आकडा आणि त्यामागचे वाक्य

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाअखेर दोन शोधनिबंध आणि दोन्ही मिळून १४ सायटेशन्स, म्हणजे इतरांच्या निबंधांतले उल्लेख, तर शेजारच्या टेबलावर मशीन लर्निंगचे काम चालते तेथे एकाच निबंधाला ४००, हे पाहून मन खट्टू होणे स्वाभाविक आहे. पण ही तुलनाच चुकीची आहे. तुझ्या कॉम्प्युटर आर्किटेक्चरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या रचनेच्या शास्त्रात, काम करणारी मंडळी मुळात थोडी, एकेका आलेखामागे सिम्युलेटर (प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम) आठवडेच्या आठवडे चालवावा लागतो, आणि चांगले काम बहुतेक इस्का, मायक्रो, एचपीसीए व अ‍ॅस्प्लॉस या चार परिषदांच्या अरुंद दारांतूनच बाहेर पडते. एखाद्या निवड समितीने जर्नलमधील निबंधच मागितले, तर या विषयातील ही रीत अर्जात दोन ओळींत समजावून सांगायला संकोच करू नकोस.

एच-इंडेक्सची चिंता तर आताच नको. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो २००५ साली सुचवला. पाच निबंधांना प्रत्येकी निदान पाच उल्लेख असले की तो पाच, सहांना निदान सहा असले की सहा. एका निबंधाला हजार उल्लेख आणि बाकी नऊ निबंधांना प्रत्येकी एक मिळाला, तरी तो एकच भरतो, आणि एकदा चढला की खाली येत नाही. कोणी तुझे नाव कशासाठी घेतले, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही.

तो मार्ग तुला मात्र मोकळा आहे. ज्या १४ निबंधांनी तुझा उल्लेख केला, ते उघडून नेमके ते वाक्य वाच. मी माझ्या सर्वाधिक उल्लेखलेल्या निबंधाबाबत हे केले, तेव्हा बहुतेक ठिकाणी प्रस्तावनेतील एकाच कंसात आणखी पाच जणांबरोबर माझा क्रमांक बसवलेला दिसला. निबंध उघडूनही न पाहता तो लिहिता आला असता. मोजक्याच ठिकाणी माझी कॅश बदलण्याची पद्धत (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान स्मृतीतून कोणती माहिती काढून नवीला जागा द्यायची, तो नियम) तुलनेसाठी घेतली होती आणि आलेखात तिचा स्तंभ शेजारच्या स्तंभापेक्षा बुटका होता. असे आलेख जपून ठेवावेत, कारण आपल्याला मागे टाकण्यासाठी का होईना, कोणीतरी आपली पद्धत स्वतःच्या सिम्युलेटरमध्ये पुन्हा लिहून काढलेली असते. त्यांपैकी एकाने मला विचारले होते की प्रीफेचरची (माहिती लागण्याआधीच आणून ठेवणाऱ्या भागाची) रांग किती लांबीची धरली होती. निबंधात ते लिहायचे राहून गेले होते आणि मलाही आठवेना. तेव्हापासून मांडणीचा पूर्ण तक्ता आणि कोड दिल्याशिवाय मी काही पाठवत नाही.

आकडा कशाने फुगतो, हेही पाहा. जेम-फाइव्ह या सिम्युलेटरची ओळख करून देणारा निबंध २०११ साली एका वार्तापत्रात आला आणि त्याला हजारो उल्लेख मिळाले, कारण ते साधन वापरणारा प्रत्येक जण तो देतो. हा मान रास्तच आहे, पण तो साधनाच्या उपयोगाचा आहे. उलट रॉबर्ट टोमासुलो यांनी १९६७ साली मांडलेली, प्रोसेसरने सूचना क्रम सोडून चालवण्याची पद्धत इतकी पाठ्यपुस्तकी झाली आहे की तिच्यावर उभे असलेले कित्येक निबंध मूळ लेखाचे नावही घेत नाहीत. संगणकरचनेतील कामासाठीचा एकर्ट-मॉकली पुरस्कार त्यांना मिळाला तो १९९७ साली. हिमेनेझ आणि लिन यांनी २००१ साली पर्सेप्ट्रॉन (अनुभवातून शिकत जाणारे साधे गणिती प्रतिमान) वापरून ब्रँचचा, म्हणजे प्रोग्राम पुढे कोणत्या वाटेने जाईल याचा, अंदाज बांधण्याची कल्पना मांडली आणि पुढे ती प्रत्यक्ष बाजारातल्या प्रोसेसरमध्ये उतरली. तो परिणाम कोणत्याही उल्लेखसंख्येत दिसत नाही, कारण प्रोसेसरला संदर्भसूची नसते. इस्काचा प्रभावी निबंधाचा पुरस्कारही सुमारे १५ वर्षांपूर्वीच्या कामालाच दिला जातो, त्यामागे हाच अनुभव असावा.

तिसऱ्या निबंधाचे दोन तुकडे करून संख्या वाढवण्याचा विचार तू कळवला आहेस. मला तो पसंत नाही. मेमरी कंट्रोलरचा भाग आणि शेड्युलिंगचा भाग वेगळे केले, तर दोन्हीकडचे परीक्षक उरलेल्या अर्ध्याबद्दलच प्रश्न विचारतील, आणि उत्तरादाखल तुला दुसऱ्या निबंधाकडे बोट दाखवावे लागेल. तो एकच ठेव.

पुढच्या भेटीला येताना ती १४ वाक्ये एका कागदावर उतरवून आण. तुझी पद्धत कोणी स्वतः चालवून पाहिली असेल, तर त्या वाक्याखाली रेघ मार. त्यांचे आकडे तुझ्या आकड्यांशी जुळतात का, तेथूनच आपण बोलायला सुरुवात करू.

तुझा शुभचिंतक