माळेगावच्या यात्रेतले लोकांचे फोटो स्टॉक साइटवर (फोटो विकणाऱ्या वेबसाइटवर) विकायचे तर त्यांची संमतीच्या फॉर्मवर सही लागते का?

जाहिरातीसाठी विकायचे आणि चेहरा ओळखू येत असेल, तर लागतेच. बातमी-लेखापुरते ‘एडिटोरियल’ म्हणून दिले तर सहसा नाही.

सही जागेवरच घ्या. यात्रेतल्या घोडेवाल्याने एकदा पाल (तंबू) उठवलं की माणूस सापडत नाही. फॉर्म मराठीत वाचून दाखवा. ‘तुमचा फोटो जाहिरातीत छापला जाऊ शकतो’ हे स्पष्ट सांगा, तेवढा त्यांचा हक्क आहे.

सही येत नसेल तर डाव्या अंगठ्याचा ठसा घ्या. शाई जास्त झाली की रेषा बुजतात, नुसता डाग उरतो; अंगठा आधी रद्दी कागदावर टेकवा. शेजारी नाव लिहा. साक्षीदार तिसरा माणूस हवा, फोटोग्राफर नको.

१८ वर्षांखालच्या पोरासाठी आई किंवा वडिलांची सही. सोबत आलेल्या मामाची चालत नाही.