क्लास नका लावू, फोन त्याला करू द्या

एका आईचं पत्र आलंय, थोडक्यात सांगते. जुलैमध्ये पुण्याहून न्यू जर्सीला आले, नवऱ्याची ट्रान्स्फर, मुलगा चौदाचा, थेट नववीत म्हणजे इकडच्या हायस्कूलच्या पहिल्या वर्षात. तिकडे सोसायटीत दिवसभर क्रिकेट, बडबड्या पोरगा, आणि इथे शाळेतून येतो, खोलीचं दार लावतो, रात्री बारापर्यंत डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर. डबा अर्धा परत येतो. टीचरनी लिहिलंय की हुशार आहे पण वर्गात बोलत नाही. "ताई, घुम्या झालाय हो अगदी, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा ऑनलाइन क्लास लावू का?"

नका लावू. हे आधीच सांगते म्हणजे पैसे तरी वाचतील.

घुम्या मुलगा रात्री बारापर्यंत बोलत नसतो हो. तो नेमका कुणाशी बोलतोय ते आधी बघा, चोरून नाही, सरळ विचारून. माझा अंदाज, पुण्याचीच गँग असणार, कारण इथले रात्रीचे अकरा म्हणजे सध्या तिकडचे सकाळचे साडेआठ. ते मित्र तोडू नका, तेवढाच त्याला आधार आहे, फक्त वेळ बदला. इथे शनिवारी सकाळी दहाला तिकडे संध्याकाळचे साडेसात असतात, सगळे घरी असतात, तेव्हा दोन तास मनसोक्त बोलू द्या, मग रोजची झोप तरी होईल. पेंगलेलं पोर वर्गात काय बोलणार.

आता वर्गातलं. आपण नऊ वर्षं त्याला काय शिकवलं? मोठे बोलताना मध्ये बोलायचं नाही, विचारलं तेवढंच सांगायचं, उत्तर पक्कं येत असेल तरच हात वर. आणि इथे टीचरला तुमचं अर्धंकच्चं मतसुद्धा हवं असतं, काही वर्गांत तर त्याचे मार्क असतात. त्याला "बोल ना रे जरा" असं म्हणून काही होत नाही. एक करून बघा, आदल्या दिवशीच्या वाचनातून एकच प्रश्न वहीच्या कोपऱ्यात लिहून न्यायचा आणि तो पहिल्या दहा मिनिटांत विचारून टाकायचा. पहिल्या दहा मिनिटांतच का, तर नंतर दुसरं कुणीतरी तेच बोलून जातं आणि आपली छाती जास्त धडधडते. एकदा तोंड उघडलं की त्या तासापुरती भीड चेपते, मग पुढचं सोपं. आणि त्याला हेही सांगा की कॉरिडॉरमधलं "व्हॉट्स अप" हा प्रश्न नसतो, आपलं "काय, जेवलात का" असतं ना तसं, त्याला खरं उत्तर द्यायचं नसतं, नुसतं व्हॉट्स अप परत द्यायचं आणि चालायला लागायचं. हसाल, पण हे कुणी सांगत नाही आणि पोरं महिनोन्महिने गोंधळतात.

डब्याचं मात्र मला जास्त वाटतं. अर्धा डबा परत आला की आपण विचारतो का नाही खाल्लंस, भाजी आवडली नाही का. भाजीचा काही संबंध नसतो, कुणाच्या टेबलावर बसायचं हा प्रश्न असतो. हायस्कूलमध्ये ती टेबलं पहिल्या काही आठवड्यांतच ठरून जातात, आणि ट्रे हातात घेऊन उभं राहणं म्हणजे त्या वयात मरणच. तिथे धीटपणा कामाचा नाही, आधी कुठेतरी ओळख झालेली असावी लागते. म्हणून क्लब. आणि क्लब म्हटलं की आपण डिबेट निवडतो, कारण आपल्याला बोलायला शिकवायचं असतं! न बोलणाऱ्या मुलाला असं पहिल्याच दिवशी स्टेजवर ढकलू नका. नाटकाची स्टेज क्रू बघा, पडदे ओढणं, सेट रंगवणं, लाइट, किंवा क्रॉस कंट्री, म्हणजे लांब पल्ल्याचं धावणं, जिथे बऱ्याच शाळांत सगळ्यांना घेतात. हात कामात असले की तोंड आपोआप चालू होतं, बायका वाटाणे सोलताना बोलतात तसं.

आणि आता तुमच्याबद्दल, रागावू नका. दुकानात, डॉक्टरकडे, शाळेच्या ऑफिसात त्याच्यासाठी कोण बोलतं? माझं सांगते. मुलगी पंधराची होती, दातांच्या डॉक्टरने तिला विचारलं कुठे दुखतंय, आणि मी खुर्चीशेजारून सांगायला लागले, डावीकडे, वरची दाढ, चार दिवस झाले. ती तोंडात आरसा असताना माझ्याकडे अशी बघितली की बस. घरी येताना गाडीत म्हणाली, "आई, दात माझा होता." त्या दिवसापासून अपॉइंटमेंटचे फोन तीच करते. पहिला फोन करायच्या आधी तिने काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, नाव, जन्मतारीख, सगळं, आणि तरी आवाज कापत होता. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत गप्प उभी होते, ते गप्प राहणं फार कठीण गेलं हो.

ऑनलाइनचं म्हणाल तर तिथेही रीतभात असतेच. मी मुलीला मेसेजमध्ये "ओके" लिहून पुढे पूर्णविराम दिला तर ती विचारते चिडलीयेस का. गंमत सोडा, एक गोष्ट मात्र मुलग्यांच्या आईबापांनी टाळू नये. अनोळखी गोड मुलगी, दोन दिवसांत घट्ट मैत्री, मग फोटो मागणं, आणि फोटो गेला की पैसे दे नाहीतर सगळ्यांना पाठवते. एफबीआय सांगतंय की यात जास्त करून १४ ते १७ वयाचे मुलगेच सापडतात. त्याला आजच, काही झालेलं नसताना, सांगून ठेवा की असं झालं तर पैसे द्यायचे नाहीत, चॅट डिलीट करायचं नाही, सरळ आमच्याकडे यायचं आणि आम्ही फोन काढून घेणार नाही. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण पोर आपल्याला घाबरून गप्प बसतं त्यावरच त्या लोकांचा धंदा चालतो. अठराच्या आत काढलेले असे फोटो पसरू नयेत म्हणून टेक इट डाउन नावाची फुकट सेवा आहे, तीही माहीत असू द्या.

राहता राहिलं आपलं मंडळ. आपल्या गणपतीला काय होतं, मोठे वर वरणभात-मोदक खातात आणि पोरांना पिझ्झा देऊन बेसमेंटमध्ये पाठवतात, तिथे दहा जण दहा फोनमध्ये. यंदा त्याला वर वाढायला लावा. हातात तूप द्या. पंगतीत काका "नको नको" म्हणतात तेव्हा खरंच नको असतं की अजून एकदा म्हणायचं असतं हे ओळखायला जे लागतं ना, माणसाच्या चेहऱ्याकडे बघून, ते कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत. मोदक देऊ नका लगेच, आधी तूप, मोदक सांडले तर आजी लोक रागावतील. आणि मला कळवा काय झालं ते.