पगार बरा असूनही लोक नोकरी का सोडतात? ऑफिसातल्या अन्यायाचा त्याच्याशी कितपत संबंध असतो?

बराच असतो, आणि तो फक्त पैशांचा नसतो. मानसशास्त्रज्ञ जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. अमेरिकेतल्या एका कंपनीने दोन कारखान्यांत १० आठवडे १५ टक्के पगारकपात केली. एकीकडे वरिष्ठांनी बैठक घेऊन कारणं सविस्तर सांगितली, खेद व्यक्त केला, प्रश्नांना उत्तरं दिली. दुसरीकडे थोडक्यात घोषणा करून मोकळे झाले. कपात तेवढीच, पण दुसऱ्या कारखान्यात चोऱ्या आणि राजीनामे दोन्ही जास्त झाले.

आपल्याकडे अप्रेझलच्या दिवसांत हेच दिसतं. वाढ कमी मिळाली तर माणूस कुरकुरतो. पण रेटिंग कशावरून ठरलं, यावर ‘वरून आलंय’ एवढंच ऐकलं की बायोडेटा अपडेट करायला घेतो. साहेबांच्या मर्जीतल्याला बढती मिळाली असेल तर विचारायलाच नको.

अर्थात मनात आलं म्हणून लगेच कोणी राजीनामा देत नाही. घराचे हप्ते असतात, दुसरी नोकरी हातात असावी लागते. तोवर सांगितलं तेवढंच काम होतं. आणि जाताना एचआरला बहुतेक जण ‘चांगली संधी मिळाली’ असंच सांगतात, कारण रिलीव्हिंग लेटर मिळायचं असतं.