वस्तू भारी, मार्क कमी

दिवाळीची सुट्टी संपली की समुपदेशक म्हणून माझ्याकडे पालकांची रांग लागते. सहामाहीत मार्क पडले नाहीत, पोरगा मोबाइल सोडत नाही, ही नेहमीची गाऱ्हाणी. गेल्या तीन-चार वर्षांत त्यात एकाची भर पडली आहे. "प्रोजेक्ट अख्ख्या वर्गात भारी होता, तरी मार्क सगळ्यात कमी. सरांनी पार्शलिटी केली." अकरावी-बारावीला डिझाइन विषय असलेल्या शाळांतून हे हमखास ऐकू येतं. त्यातली एक केस इथे सांगते. मुलीची आणि तिच्या वडिलांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील तापीपलीकडचे, यावल तालुक्यातले, केळीवाले. मुलगी बारावीची, जळगावात मामाकडे राहून शिकणारी. मामाचं वेल्डिंग-फॅब्रिकेशनचं दुकान. वडिलांनी खुर्चीत बसायच्या आधीच मोबाइलवरचा फोटो माझ्यासमोर धरला. "बघा ताई, ही गाडी. केळीचे घड बागेतून रस्त्यावर आणायची. सहा घड बसतात. पावडर कोटिंगसकट 11 हजार खर्च आला. हिला 100 पैकी 50. आणि एका पोरीनं आजोबांच्या गोळ्यांची पुठ्ठ्याची डबी केली, तिला 77. आता तुम्हीच सांगा."

गाडी खरंच देखणी होती. पिवळाधमक रंग, चार चाकं, घड चेपू नयेत म्हणून आतून रबराची पट्टी.

मुलगी खाली बघत बसली होती. तासाभरात ती एकच वाक्य बोलली. "मला यातलं काही येत नाही. मी बी.कॉम. करते."

दोन महिन्यांपूर्वी हीच मुलगी वह्यांच्या समासात चाकं, बिजागऱ्या आणि हात काढत बसायची, असं आईनं नंतर फोनवर सांगितलं. आता चित्र काढणं बंद, जेवण अर्धं, आणि शाळेत त्या सरांसमोरून जायचं टाळायला ती मागच्या जिन्यानं जायची.

अशा वेळी मार्कांचा विषय मी लगेच काढत नाही. गणित चुकलं तर गणित चुकतं, मूल मोडत नाही. डिझाइनचं तसं नाही. इथे मुलानं मनातली गोष्ट काढून टेबलावर ठेवलेली असते, तिला कमी मार्क पडले की आपणच कमी पडलो असं त्याला वाटतं. दुसऱ्या भेटीत मुलगी एकटी आली तेव्हा तिनं हेच सांगितलं. "मॅडम, फिजिक्समध्ये मला 50 पडले असते ना, तर मी रडले नसते. यात सगळ्यांना कळलं की मी बुद्दू आहे."

मग मी तिला मार्कांचा कागद मागितला. एकूण 50 हा आकडा घरात सगळ्यांना पाठ होता, पण त्याची फोड कुणी वाचली नव्हती.

इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या वयाला, प्रॉडक्ट डिझाइन हा रीतसर विषय आहे. निम्मे गुण लेखी परीक्षेचे आणि निम्मे मुलानं स्वतः निवडून केलेल्या एका मोठ्या प्रकल्पाचे. तिथल्या एक्यूए या बोर्डाच्या तक्त्यात प्रकल्पाच्या 100 गुणांची वाटणी अशी आहे: गरज शोधणं आणि तिचा अभ्यास 20, नेमकं काय करायचं ते लिहून काढणं 10, कल्पना पुढे नेत विकसित करणं 25, प्रत्यक्ष नमुना घडवणं 25, आणि तपासून-पारखून बघणं 20. या मुलीच्या शाळेनं आपला तक्ता त्याच धर्तीवर केला होता.

तिचे गुण होते 7, 6, 9, 22 आणि 6.

"चौथ्या खान्यात 25 पैकी 22 आहेत," मी म्हटलं. "म्हणजे गाडी सरांनाही आवडली." तिनं कागद ओढून घेतला आणि पहिल्यांदा नीट वाचला. सगळी कमतरता बाकीच्या चार खान्यांत होती. वस्तू घडवण्याला 100 पैकी 25, उरलेले 75 तिथवर पोहोचण्याच्या वाटेचे. आणि वाट तर तिनं दाखवलीच नव्हती. वहीत चार पानं, तीही जमा करायच्या आदल्या रात्री लिहिलेली.

"गाडीच्या आधी काय केलं होतंस?"

"काही नाही. फालतू होतं ते."

"फेकलंस?"

"आजीनं ठेवलंय. बसायला घेते."

पुढच्या वेळी ती ते घेऊन आली. खांद्यावर ठेवायची गादी होती. जुन्या जीन्सचं कापड, आत गोधडीच्या चिंध्या, काखेतून बांधायचा पट्टा. आजीनं हातानं शिवलेली. आपल्याकडे डोक्यावरच्या ओझ्याखाली चुंबळ असते, खांद्यासाठी मात्र तसं काही नसतं. कापणीच्या दिवशी 20-25 किलोचा घड मजूर उघड्या खांद्यावर, फार तर घडी घातलेल्या टॉवेलवर घेतात, हे लहानपणापासून बघितलेलं तिला आठवलं होतं. कल्पना तिथून निघाली होती.

मी गादी हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. केळीचा चीक सुकला की काळा पडतो आणि कशानं जात नाही, हे जळगावकरांना सांगायला नको. या गादीवर मधोमध, जिथे घड टेकायला हवा तिथे, डाग जवळजवळ नव्हताच. सगळा काळा पट्टा पुढच्या बाजूला, गळ्याच्या हाडाकडे उतरत गेलेला. आणि मागच्या पट्ट्याचे दोन टाके उसवलेले.

"हा डाग इथे कसा?"

"घड पुढे घसरायचा ना. दांड्याकडची बाजू जड असते. म्हणून मग मी मागून पट्टा आवळला, तर शिवणच उसवली. मग वाटलं इथे जरा उंचवटा द्यायला पाहिजे, म्हणजे अडेल..." बोलता बोलता ती उठून उभी राहिली, गादी स्वतःच्या खांद्यावर ठेवली आणि हातानं दाखवू लागली. तीन भेटींत ती इतकं कधी बोलली नव्हती.

"हे सरांना दाखवलंस?"

"हे? घाण आहे हो ते, मॅडम."

हे एकट्या मुलीचं नाही. पहिलीपासून आपण मुलांना पक्की वही आणि कच्ची वही अशी शिस्त लावतो. खाडाखोड दिसली की मार्क कापतो. मग सतराव्या वर्षी एक विषय येतो आणि म्हणतो, तुझी कच्ची वहीच मला दाखव. मुलं गोंधळतात, त्यात त्यांचा काय दोष? त्या काळ्या पट्ट्यात वापरून बघणंही होतं आणि पारखणंही. तो डाग म्हणजे तिच्या चाचणीचा निकालच होता, आणि तोच तिनं लाजेनं आजीच्या बुडाखाली ठेवला.

गादीची गाडी कशी झाली? मामा म्हणाला, "हे काय चिंध्यांचं करते, आपण झकास गाडीच बनवू." प्रेमानंच म्हणाला. पाइप त्यानं कापले, वेल्डिंग त्यानं केलं, रंग बाहेरून करून आणला. मोठ्यांची मदत घेणं चूक नाही. वेल्डिंगची मशीन सतरा वर्षांच्या पोरीच्या हातात देऊ नये हेही बरोबरच. पण कुणी काय केलं हे लिहायला हवं. इंग्लंडच्या परीक्षेतही काम स्वतःचं असल्याचं विद्यार्थी आणि शिक्षक दोघांनी सही करून सांगायचं असतं. मदत लिहिली की ती मदत राहते. लपवली तर तपासणाऱ्याला सगळ्याच कामाबद्दल शंका येते.

चौथ्या भेटीला मी वडिलांनाही बोलावलं. गादी टेबलावर, गाडीचा फोटो शेजारी. मी सहज विचारलं, "भाऊ, गाडी वावरात चालवून बघितली का?"

"चालणार कशी?" वडील पटकन म्हणाले. "ठिबकच्या नळ्या पसरलेल्या आहेत ना ताई. चाक गेलं की नळी निसटते नाही तर फुटते. त्यात पाण्यानं जमीन मऊ, भरलेली गाडी तर रुतणारच."

मुलगी वडिलांकडे वळली. "पप्पा, मग तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं?"

"तू विचारलं कुठे? मला वाटलं शाळेचं काम आहे, त्यांना असंच लागत असंल."

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. वीसेक वर्षं केळी करणारा माणूस घरात होता, आणि पहिल्या खान्यातले तेरा गुण त्याला एक प्रश्न न विचारल्यामुळे गेले होते. वडिलांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण सरांच्या पार्शलिटीचा विषय त्यांनी त्यानंतर काढला नाही. फक्त एवढं म्हणाले, "शेतकऱ्याला डिझाइनचं काय विचारायचं, असं वाटलं असंल तिला."

त्यावर मी त्यांना तांब्याची गोष्ट सांगितली. 1958 साली भारत सरकारनं चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर जोडप्याला बोलावलं होतं. देशभर फिरून त्यांनी अहवाल दिला आणि त्यात वाखाणला तो आपला पाण्याचा लोटा. त्याचं डिझाइन करायला कुणी बसलं असतं तर त्याला कशाकशाचा विचार करावा लागला असता, हेही त्यांनी मांडलं: पाणी किती मावायला हवं, तो कमरेवर नेणार की डोक्यावर, भरलेला असताना तोल कसा, रिकामा असताना कसा, ओतताना धार कशी पडते, हाताला कसा लागतो, किंमत किती. त्या अहवालानंतर 1961 मध्ये अहमदाबादला एनआयडी ही राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. "हे प्रश्न ज्याला सुचतात त्याचं काम म्हणजे डिझाइन," मी म्हटलं, "आणि उत्तरं वापरणाऱ्याकडेच असतात. तुमच्याकडे, मजुरांकडे."

मुलीच्या परवानगीनं मी शाळेत जाऊन सरांनाही भेटले. तरुण, मनापासून शिकवणारे शिक्षक. म्हणाले, "मॅडम, मला दिसेल त्यालाच मी गुण देऊ शकतो. चार पानं, सगळी एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिलेली." मला ते पटलं. पण मी त्यांना विचारलं, हा तक्ता मुलांना दिला कधी? ऑक्टोबरमध्ये. प्रकल्प जूनपासून सुरू होता. हे मला अजिबात पटलं नाही, आणि मी तसं सांगितलं. कशाला गुण आहेत हे वाट संपताना कळून काय उपयोग? मागच्या वर्षीच्या दोन फायली, एक 50 ची आणि एक 80 ची, नावं झाकून जूनमध्येच वर्गात फिरवल्या तर निम्मी रडारड वाचेल. दुसरं, एकाच माणसानं तपासलं की पक्षपाताचा संशय राहतोच. चार-पाच फायली दुसऱ्या शिक्षकानं स्वतंत्रपणे तपासाव्यात, मग दोघांनी बसून फरक का पडला ते बोलावं. दोन्ही गोष्टी ते करतो म्हणाले, आणि दुसरी त्यांनी अंतिम तपासणीत केलीही.

ते 50 गुण सहामाहीचे होते. प्रकल्पाची अंतिम जमा फेब्रुवारीत होती. वडिलांनी आधी सुचवलं, जूनपासूनच्या तारखा टाकून वही पुन्हा लिहून काढू. मी ठाम नाही म्हटलं. मागच्या तारखेचं लिखाण सराईत तपासनीसाला लगेच कळतं, आणि नाही कळलं तरी ते खोटंच. त्याऐवजी तिनं खरं लिहिलं: ‘ही गादी ऑगस्टमध्ये केली. तेव्हा नोंद ठेवली नाही. ही नोंद आज, डाग बघून लिहीत आहे.’ मग पुढची प्रत्येक गोष्ट त्या त्या दिवशी. कापणीच्या दिवशी चार मजुरांच्या खांद्यांची मापं घेतली. त्यातल्या एका बाईनं सांगितलं, पट्टा एका हातानं सुटायला पाहिजे, दुसरा हात घडावर असतो. हे तिला घरात बसून दहा वर्षांत सुचलं नसतं. गाडीही तिनं काढून टाकली नाही. ती बागेत नेली, अडकू दिली, आणि चाकाखाली दबलेल्या नळीचा फोटो वहीत लावून खाली लिहिलं, इथे चुकलं आणि का चुकलं.

डिझाइनचं पुढे काय, हे वडिलांनी विचारलंच. त्यांना थोडक्यात सांगितलं तेच इथे सांगते. बी.डेस. साठी, म्हणजे डिझाइनच्या पदवीसाठी, आयआयटी मुंबई यूसीड ही प्रवेश परीक्षा घेते, तिला सायन्स, कॉमर्स, आर्ट्स कुठल्याही शाखेची बारावी चालते. आयआयटी मुंबईचंच डिझाइनचं केंद्र, आयडीसी, 1969 पासून आहे. एनआयडीची प्रवेश परीक्षा वेगळी, प्रिलिम्स आणि मेन्स अशी. जागा कमी, चुरस मोठी, हेही मी लपवलं नाही. पण 50 मार्कांचा कागद बघून एवढा मोठा निर्णय घेऊ नका, एवढं मात्र बजावलं. बी.कॉम. करायचं तर आवडीनं करावं, पळ काढून नको.

नव्या गादीचं शिवणकाम तिचं स्वतःचं, त्यामुळे ओबडधोबड. नमुन्याचे गुण 22 वरून 18 वर आले. एकूण झाले 76. मला कळवताना तिनं आधी ते कमी झालेले चार गुण सांगितले, आणि का कमी झाले तेही.

मार्चमध्ये वडिलांचा फोन आला. मला वाटलं प्रवेशाबद्दल असेल. तर म्हणाले, "ताई, पोरीनं रुंद चाकाची एक गाडी कागदावर काढली आहे, नळीवरून गेली तरी नळी दबणार नाही म्हणते. जमंल का हो तसं?"

म्हटलं, "भाऊ, ते मला कसं सांगता येईल? वावरात नेऊन बघा."

"तेच म्हणते ती पण," ते म्हणाले. "पुठ्ठ्याचं चाक करून आणते आहे रविवारी."